गिळलेलं वाक्य

"नो, नो, थँक यू. आय अॅम फुल," मुकुंदराव पोतनीस म्हणाले आणि त्यांनी सूपच्या वाडग्यावर आडवा हात धरला.

टेबलापलीकडे बसलेल्या हिल्क्काबाईंच्या कानातल्या मण्यात त्याच क्षणी स्वच्छ फिनिश भाषेत शब्द उमटले, "अजून हवंय. पण तुम्ही दोनदा तरी विचारा."

हिल्क्काबाईंनी पळी हवेतच थांबवली. बाई सत्तरीच्या, उत्तर फिनलंडमधल्या ऊलू गावात जन्म गेलेला. पाहुण्याला दोनदा विचारायचं असतं हे त्यांच्या कानावर आयुष्यात पहिल्यांदाच येत होतं. पण यंत्र खोटं सांगत नाही हे या गावात शेंबडं पोरही जाणतं.

"हवंय का?" त्यांनी गंभीरपणे विचारलं. मग एक श्वास घेऊन, "हवंय का?"

दोनदा विचारून झाल्यावर त्यांनी मुकुंदरावांचा हात बाजूला केला आणि माशाचं सूप वाडग्यात काठोकाठ ओतलं. मुकुंदराव खजील होऊन मुलीकडे बघायला लागले. मुलगी, म्हणजे डॉ. नीरजा पोतनीस, डोक्याला हात लावून बसली होती.

"नाना, पहिल्याच वेळी हो म्हटलं असतं तर काय झालं असतं?"

"अगं, दुसऱ्यांच्या घरी लगेच हो म्हणतं का कोणी?"

"हे दुसऱ्यांचं घर नाही. हिल्क्का माझी सासू आहे. आणि चार महिने झाले तुम्हाला इथे येऊन!"

"तरीपण," नाना म्हणाले आणि मुकाट्याने सूप प्यायला लागले. सूप त्यांना मनापासून आवडायचं. हेही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मण्यानेच सांगितलं होतं.

नीरजा मुळात ऊलूला आली ती इंग्रजीतल्या रोजच्या बोलण्याचं फिनिशमध्ये भाषांतर करणाऱ्या यंत्रांवर काम करायला. तोवर सगळ्या भाषांची भाषांतरं यंत्रं बिनबोभाट करत होती. अडून बसली होती ती ही एक जोडी. शब्दांची अडचण नव्हती. अडचण होती इंग्रजीत ठासून भरलेल्या कापसाची. फिनिश माणसाला 'हाऊ आर यू' विचारलं तर तो थांबतो आणि गुडघ्याच्या ऑपरेशनपासून सुरुवात करतो. 'वी मस्ट मीट समटाइम' म्हटलं तर 'मंगळवारी जमेल' म्हणतो आणि मंगळवारी खरोखरच दारात येऊन उभा राहतो. 'प्लीज'साठी त्यांच्याकडे नेमका शब्दच नाही. 'इंटरेस्टिंग' म्हटलं की ते विचारतात, कुठला भाग? नीरजाच्या तर एकट्या 'फाइन'ने नाकी नऊ आणले होते. फाइन म्हणजे उत्तम, फाइन म्हणजे बरं चाललंय, फाइन म्हणजे विषय बंद, आणि फाइन म्हणजे माझं डोकं फिरवू नकोस. यंत्राला हे शिकवायचं कसं? ती रोज नवे नियम लिहायची आणि दुसऱ्या दिवशी एखादा इंग्रज येऊन त्यांची वाट लावायचा.

शेवटी वैतागून तिने शब्दांचा नादच सोडला आणि माणसाच्या घशाकडे वळली.

आपण म्हणतो, ओठांवर आलेलं गिळलं. नीरजाने दाखवून दिलं की हे नुसतं म्हणणं नाही, तसं खरोखरच घडतं. माणूस बोलायच्या आधी, अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळात, मेंदू एक वाक्य घशाच्या आणि जिभेच्या स्नायूंकडे धाडतो. स्नायू ते उच्चारायची तयारी करतात. मग मेंदूचा दुसरा भाग जागा होतो, ते वाक्य मागे खेचतो आणि त्याच्या जागी शहाणंसुरतं, चारचौघांत शोभेल असं दुसरं वाक्य देतो. आपल्याला ऐकू येतं ते हे दुसरं. पहिलं गिळलं जातं, पण स्नायूंवर त्याची बारीकशी थरथर उमटून जाते. त्या पहिल्या वाक्याला नीरजाने नाव दिलं 'पूर्ववाक्य'. गळ्यावर चिकटवायची एक लहानशी चकती ती थरथर वाचते, आणि ऐकणाऱ्याच्या कानातला मणी ते पूर्ववाक्य त्याच्या भाषेत ऐकवतो. बोलणाऱ्याला स्वतःचं पूर्ववाक्य मात्र ऐकू येत नाही. तसं केलं की माणसं अडखळायला लागतात, असं पहिल्याच चाचण्यांत दिसलं, म्हणून ती सोय काढून टाकली.

यंत्राचं नाव तिने ठेवलं 'अभिप्रेत'. फिनिश लोकांना ते म्हणता येईना, ते 'अपी' म्हणायला लागले. फिनलंडने ते डोक्यावर घेतलं. फिनिश माणसाचं पूर्ववाक्य आणि वाक्य बहुतेक वेळा एकच निघायचं, त्यामुळे त्यांचं काहीच बिघडलं नाही. उलट बाहेरच्या जगाशी बोलणं एकदाचं सोपं झालं. दवाखान्यात, कोर्टात, सरकारी कचेऱ्यांत चकती आणि मणी सक्तीचे झाले. डॉ. पोतनीस मोठ्या झाल्या.

नाना महाडच्या शाळेत उभा जन्म इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. इंग्रजीच्या या कापसावर त्यांचा फार जीव. 'आय अॅम अफ्रेड', 'इफ इट इज नॉट टू मच ट्रबल', 'बाय ऑल मीन्स' असली वाक्यं ते वर्गात एखादा राग आळवावा तशी म्हणून दाखवायचे. आणि मराठीतही त्यांचा तोच खाक्या. "जेवायला काय करू?" "काहीही चालेल." "कुठे जायचं?" "तू म्हणशील तिथे." मग मनासारखं झालं नाही की दोन दिवस चेहरा उतरलेला. नीरजाचं सगळं लहानपण त्या चेहऱ्यावरून अंदाज बांधण्यात गेलं. अंदाज चुकायचा. मग चिडचिड व्हायची.

आई आजारी पडली तेव्हाही ती अंदाजावरच राहिली. नाना फोनवर म्हणत राहिले, "सगळं ठीक आहे गं, उगाच धावत येऊ नकोस." तिने ते खरं मानलं. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. "तुम्ही सांगितलं का नाही?" असं ती किंचाळली, तर नाना म्हणाले, "तुझं काम अडलं असतं." त्या उत्तराचा राग तिच्या मनातून कधी गेला नाही. अभिप्रेत तिने त्यानंतरच्या वर्षात पूर्ण केलं.

महाडच्या घरात नाना एकटे उरले, म्हणून ती त्यांना इकडे घेऊन आली. कायमचं राहायचं तर परवाना लागणार होता आणि त्यासाठी निवास कचेरीत दोघांची मुलाखत होणार होती. "तुम्हाला इथे राहायचंय ना?" असं तिने कितीदा विचारलं असेल. उत्तर ठरलेलं: "तुझी सोय बघ, माझं काय!" यातून हो की नाही, काढा काय काढायचं ते. नीरजाची आपली खात्री झाली होती की त्यांना मनातून महाडला परत जायचंय आणि ते केवळ तिच्यासाठी इथे कुढत बसलेत.

या चार महिन्यांत तिच्या घराचं स्टेशन झालं होतं. ती कामावरून आली की नाना सोफ्याच्या कडेवर, निघायच्या तयारीत असल्यासारखे बसलेले. "मी काही करू का?" "नको." "कांदा चिरू?" "नको, नाना." "मग मी आत जाऊन बसू का?" हीटर बंद करायचे आणि विचारलं तर म्हणायचे थंडी वाजत नाही. एस्को, तिचा नवरा, वर्षातले बरेच महिने समुद्रात पवनचक्क्या उभारायला जायचा, त्यामुळे हे सगळं तिच्या एकटीच्या वाट्याला. नानांशी मराठीत बोलायचं असल्यामुळे घरात पाऊल टाकलं की ती गळ्यावरची चकती आणि कानातला मणी दोन्ही काढून ठेवायची. नाना गळ्यावर चकती लावत, नाहीतर हिल्क्काबाईंना त्यांचं बोलणं कळलं नसतं. पण कानात मणी त्यांनी कधी घातला नाही.

"दुसऱ्याने गिळलेलं मी का ऐकू?" ते म्हणायचे. "हिल्क्काबाईंचं मला तोंडावरून कळतं."

हिल्क्काबाईंशी मात्र त्यांचं छान जमलं होतं. बाईंनी एकदा करपलेला केक पुढे केला. नाना म्हणाले, "व्हेरी इंटरेस्टिंग टेस्ट." मण्यातून आलं, "हे कधी संपणार?" बाईंनी शांतपणे केक कचऱ्यात टाकला आणि भाजलेलं चीज आणलं. राग नाही, लोभ नाही. उलट तेव्हापासून त्यांनी नानांना फिनिश शिकवायचं मनावर घेतलं. पहिला धडा म्हणजे 'एइ कीतोस'. नको, आभारी आहे.

"हे म्हटलं की आमच्यात कोणी परत विचारत नाही," त्यांनी नीरजामार्फत बजावलं. "म्हणून खरंच नको असेल तेव्हाच म्हणायचं."

नानांनी ते दोन शब्द घोकून घोकून पाठ केले. वापरले मात्र नाहीत. इतकं निर्वाणीचं 'नको' म्हणावं असं त्यांना कधी काही वाटलंच नव्हतं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी दोघं नदीकाठी फिरायला गेली. नदी गोठली होती आणि तिच्यावरून पोरं सायकली हाकत होती.

"उद्या सरळ बोला," नीरजा म्हणाली. "जायचं असेल तर जायचंय म्हणा. नाहीतरी त्याला पूर्ववाक्य ऐकू येणारच आहे."

"तेच मला पटत नाही," नाना म्हणाले. काही पटत नाही असं ते क्वचितच म्हणत. "घशात पहिलं येतं तेच खरं, हे कोणी ठरवलं?"

"स्नायूंनी. नाना, मी मोजलंय ते."

"तू मोजलंस ते पहिलं आहे एवढंच. खरं आहे असं कुठे मोजलंस? वर्गात एखादा पोरगा चुकला की माझ्या घशात पहिलं काय यायचं? गाढव. मग मी म्हणायचो, परत प्रयत्न कर. आता सांग, त्यातलं माझं कुठलं? गाढव मला नुसतं सुचायचं. दुसरं मी निवडायचो."

"आणि आईच्या वेळी 'सगळं ठीक आहे' हेही तुम्ही निवडलंत."

नानांनी नदीवरच्या सायकलवाल्या पोरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो. ते चुकीचं निवडलं."

नीरजाला वाईट वाटलं, पण वाद जिंकल्यासारखंही वाटलं. अशा वाक्यांच्या वळशांनी तिची आई नेली होती. सुचलेलं आणि निवडलेलं, असल्या मास्तरी कसरतींत तिला शिरायचंच नव्हतं.

निवास कचेरीतला अधिकारी तरुण होता आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. त्याने दोघांच्या गळ्यावर चकती नीट बसली आहे का ते पाहिलं आणि कानांत मणी घालायला लावले. नाना कुरकुरले, पण नियमापुढे इलाज नव्हता. नीरजाला फिनिश अस्खलित येत असे. तरी नानांना मण्याशिवायही सगळं समजावं म्हणून आपण इंग्रजीत बोलायचं असं तिनेच सुचवलं होतं.

"तुम्हाला इथे कायमचं राहायचं आहे का?" अधिकाऱ्याने नानांना विचारलं.

नानांनी घसा साफ केला. "वेल, इफ इट इज नॉट टू मच ट्रबल टू एनीवन, आय वुड बी डिलायटेड."

नीरजाच्या कानात मणी मराठीत बोलला, "मला इथेच राहायचंय. महाडच्या घरात एकट्याला जेवायला बसवत नाही. मला परत पाठवू नका."

नीरजा सुन्न झाली. चार महिने तिने काढलेला अंदाज साफ चुकला होता. ते कुढत वगैरे काही बसले नव्हते. त्यांना राहायचं होतं. सोफ्याच्या कडेवर ते बसत ते निघायच्या तयारीने नाही, कोणी 'जा' म्हणेल या धास्तीने. बघा, तिला वाटलं, हे कळायला यंत्रच लागलं शेवटी.

अधिकारी तिच्याकडे वळला. "वडिलांची जबाबदारी तुम्ही आपल्या खुशीने घेता आहात का?"

"ऑफ कोर्स," ती लगेच म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली, असं ती पुढे स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगणार होती. "इट विल बी अ प्लेझर."

तिला अर्थातच आपलाच आवाज तेवढा ऐकू आला. पण शेजारच्या खुर्चीत नाना ताठ झाले. त्यांनी कानातल्या मण्याला बोट लावलं, नंबरचा चष्मा नाकावर नीट करावा तसं. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. वर्गात हुशार मुलीकडून अनपेक्षित चूक झाली की ते असे बघायचे.

"काय ऐकू आलं?" तिने मराठीत विचारलं.

"काही नाही गं," नाना म्हणाले. त्यापाठोपाठ तिच्या कानातला मणीही बोलला, आणि त्याने नानांचं पूर्ववाक्य तिला ऐकवलं. ते त्यांनी तिचंच उचललं होतं, कानात ताजं असल्यासारखं, शब्दन् शब्द, "'नाना, तुम्हीच नाही म्हणा. मी दमलेय.'"

नीरजाने आपल्या गळ्याला हात लावला. असं काही आपल्या घशात आलं होतं? तिला आठवेना. आठवण्यासारखं ते नव्हतंच, अर्ध्या सेकंदाचं काम. पण मोजणी चुकली असेल असं तिला म्हणता येईना. ती मोजणी तिचीच होती.

अधिकाऱ्याला यात काही विशेष वाटलं नाही. रोज असलं ऐकून त्याचे कान तयार झाले होते. "मुलीची नाखुशी कायद्याने आड येत नाही," त्याने माहिती दिली. "उत्पन्न आणि जागा पुरेशी आहे. अर्जदाराची इच्छा स्पष्ट आहे. तुम्हाला राहता येईल. राहायचं ना?"

"थांबा," नीरजा म्हणाली, "मला ते तसं म्हणायचं नव्हतं..." आणि मध्येच गप्प झाली. जे बोलेल त्याच्या आधीचं काहीतरी नानांच्या कानात पडणार होतं, आणि ते काय असेल हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. आग्रह करायचा तो कसा? 'राहा ना' म्हणताना घशात आधी काय येईल? जगातल्या अडलेल्या संभाषणांना वाट काढून देणारी बाई तोंड मिटून बसली.

नानांनी नखाने गळ्यावरची चकती सोडवली, घडी घालावी तशी बोटांत दुमडली आणि टेबलावर ठेवली. मणीही काढून तिच्याशेजारी ठेवला. अधिकारी 'हे नियमात बसत नाही' असं म्हणणार, तेवढ्यात नाना त्याच्याकडे बघून स्वच्छ, घोटलेल्या उच्चारांत म्हणाले,

"एइ, कीतोस."

ही त्याचीच भाषा होती, भाषांतराची गरजच उरली नाही. अधिकाऱ्याने मान डोलावली, समोरच्या पडद्यावर अर्ज बंद केला आणि प्रवास सुखाचा होवो म्हणाला. त्याने परत विचारलं नाही. त्यांच्यात विचारत नाहीत.

बाहेर बर्फ खरवडून वाट मोकळी केलेली होती. नाना पुढे, नीरजा मागे. तिचा एवढा संताप झाला होता की पाय कुठे पडताहेत तेही कळत नव्हतं. संताप नानांचा, त्या मख्ख अधिकाऱ्याचा, आणि सगळ्यांत जास्त आपल्या गळ्याचा. तिने चकती ओरबाडून काढली.

"नाना, ते नुसतं सुचलेलं होतं," ती मागून म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होतात ना काल? सुचतं ते वेगळं, निवडतो ते वेगळं. मी 'प्लेझर' निवडलं होतं."

"हो गं. मला पटतं ते. मीच म्हणालो होतो."

"मग नाही का म्हणालात?"

"महाडची हवा मला मानवते. आणि घर बंद राहिलं की वाळवी लागते."

"रागावलात का माझ्यावर?"

"छे. कशाला रागावू?"

ते वळून हसलेही. नीरजाने त्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायचा प्रयत्न केला, लहानपणी बांधायची तसा. काही लागेना. मग तिची नजर त्यांच्या गळ्यावर गेली. तिथे चकतीची गोल लालसर खूण तेवढी उरली होती.

"खरंच नाही ना रागावलात?" तिने पुन्हा विचारलं.

"नाही म्हटलं ना," नाना म्हणाले आणि मफलर गळ्याभोवती नीट गुंडाळून घेतला.

दोनदा विचारून झालं होतं. आता मानून घ्यायचं एवढंच तिच्या हातात उरलं.